हॉर्न न वाजवता गेलेली लॉरी

माझं दुकान जुन्या लॉऱ्यांच्या सुट्या भागांचं आहे. उचगावात, हायवेपासून जरा आत. कुणी पत्ता विचारला की गावातले लोक सांगतात, "ते भंगारवालं अण्णा व्हय? जावा सरळ." हे कानावर आलं की माझं डोकं फिरतं. भंगार वेगळं आणि जुना माल वेगळा. भंगार काट्यावर जातं. माझ्याकडं नाकवाल्या टाटाचं बॉनेट आहे, बेडफर्डचं स्टिअरिंग आहे, जुन्या लेलँडची पुढची जाळी आहे, आणि यातलं काहीही मी आजवर काट्यावर घातलेलं नाही. अलीकडं माझं गिऱ्हाईक म्हणजे हॉटेलवाले. भिंतीला लॉरीचं अर्धं तोंड लावायचं, दिवे पेटवायचे आणि त्याच्याखाली लोकांनी पांढरा रस्सा ओरपत फोटो काढायचे, असं एक खूळ निघालंय. मला ते बघवत नाही. पण माल देतो, कारण पोट आहे.

म्हणून जोतीरामबापू एका सकाळी दुकानात आले आणि म्हणाले, "अण्णा, रबरी फुग्याचा भोंगा हाय का?" तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्यालाही हॉटेल काढायची हुक्की आली.

भोंगा म्हणजे जुन्या लॉरीचा हातानं वाजवायचा हॉर्न. पुढं पितळेचा कर्णा, मागं मुठीत मावेल न मावेल असा काळा रबरी फुगा. ड्रायव्हरच्या दाराबाहेर तो बांधलेला असायचा आणि खिडकीतून हात काढून दाबला की म्हैस हंबरल्यासारखा आवाज निघायचा. त्याला बॅटरी लागत नाही, वायर लागत नाही. लॉरीसुद्धा लागत नाही, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

"हॉटेलला पाहिजे का बापू?" मी विचारलं.

"न्हाय. वाजवायला."

एवढं बोलून ते बाकावर बसले. बापू बोलायला तसे कंजूषच. उंच, आता पाठीत वाकलेले. उजवा हात डाव्यापेक्षा काळा, कारण उभा जन्म तो खिडकीबाहेर उन्हात होता. पंचधारा गुड्स कॅरियर्स या कंपनीत ते लागले तेव्हा त्यांना मिसरूड फुटत होतं आणि उतरले तेव्हा चष्मा लागला होता. मधल्या काळात त्यांनी दुसऱ्या कुणाची लॉरी चालवली नाही.

आजच्या पोरांना ट्रान्सपोर्ट कंपनी म्हटलं की मोबाईलवर गाडी कुठं आली ते बघणं आठवतं. तेव्हा कंपनी म्हणजे एक घराणं असायचं. शाहूपुरीत, मार्केट यार्डाच्या आसपास एकेकीचं ऑफिस: पुढं फळकुटाचं टेबल, मागं मालकांची गादी, भिंतीवर अंबाबाई आणि जोतिबा. प्रत्येकीचा रंग ठरलेला. पंचधाराच्या लॉऱ्या निळ्या, कपाळावर पिवळ्या अक्षरांत नाव आणि हौद्याच्या फळ्यांवर पाच पांढऱ्या रेघा. यार्डातला गूळ गुजरातेत जायचा, शिरोलीच्या फाउंड्रीतलं कास्टिंग पुण्याला, चंदगडचा काजू मुंबईला. पावसाळ्यात चंदगडच्या घाटात लॉरी रुतली की मागून येणारा दुसऱ्या कंपनीचा असला तरी दोरखंड काढायचा, आणि पुन्हा यार्डात भेटल्यावर त्याच दोरखंडावरून वर्षभर टोमणे मारायचा. आता पंचधारा नाही. मालकांची पोरं आपापल्या वाटेनं गेली, ऑफिसच्या जागी मोबाईलची कव्हरं विकतात. माझ्या दुकानाच्या मागच्या भिंतीला त्यांच्या एका लॉरीची कपाळपट्टी टेकवून ठेवलीय. हॉटेलवाले सारखे मागतात. ती मात्र मी देत नाही.

तर हॉर्नचं. टोप, नागाव, शिरोली या हायवेलगतच्या गावांत घरटी एक तरी ड्रायव्हर होता. लॉरी यार्डात भरून पुण्याच्या अंगाला निघाली की तिची वाट त्याच्या स्वतःच्या दारावरूनच जायची. घरी जाऊन जेवायला वेळ नसायचा. मग ड्रायव्हर गाव आलं की हॉर्न द्यायचा आणि बायको डबा घेऊन रस्त्याला यायची. लॉरी थांबे न थांबे, डबा खिडकीतून आत जायचा. प्रत्येकाच्या हॉर्नचा ठेका निराळा. कुणाचे तीन आखूड, कुणाचा एकच लांबलचक. बायका कानावरून गाडी ओळखायच्या, इंजिनाच्याही आधी. जोतीरामबापूंचा ठेका दोन आखूड आणि एक लांब, आणि लांब आवाज शेवटाला जरा मोडायचा, कारण फुगा सोडताना त्यांचा अंगठा घसरायचा.

एकदा एकानं चेष्टा म्हणून दुसऱ्याचा ठेका वाजवला. बाई पिठाच्या हातानं धावत रस्त्यावर आली, बघते तर गाडीत भलताच बाबा दात काढतोय. त्या चेष्टेवरून पुढं ऑफिसात अशी जुंपली की बुकिंगचं टेबल मोडलं. तेव्हापासून दुसऱ्याचा हॉर्न वाजवायचा नाही हे सगळे पाळायचे. कुणाला सांगावं लागलं नाही.

माझ्याकडं भोंगा होता, पण फुगा चिरलेला. बेळगावात एक जण अजून फुगे देतो. मी मागवून देतो म्हटलं. तोवर चिरलेल्या फुग्याला ठिगळ लावून बापू तोच भोंगा घेऊन गेले आणि जाताना म्हणाले, "जरा लवकर बघा अण्णा. घाई हाय."

जुन्या हॉर्नची कसली आलीय घाई, असं मी मनात म्हटलं.

नवा फुगा आला त्या रविवारी मी जोतिबाला निघालोच होतो. टोपवरून कासारवाडीच्या रस्त्यानं डोंगर चढायचा, म्हणजे बापूंचं घर वाटेवरच. म्हटलं, देऊन पुढं जाऊ. हायवेच्या कडेला मळा, मळ्यात घर, घरापासून रस्त्यापर्यंत एक पायवाट. पुढं हायवेचं रुंदीकरण चाललेलं, सगळीकडं धुरळा आणि सिमेंटचे ठोकळे. सर्व्हिस रोडला पंक्चरवाल्याच्या टपरीपुढं लॉऱ्या ओळीनं उभ्या असतात.

सोप्यात बापूंची बायको चिमणाबाई तांदूळ निवडत बसलेल्या. काठापदराचं लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू, हात चलाख. त्यांनी माझ्याकडं बघून तोंडभर हसून म्हटलं, "या पावणं, बसा." मग शेजारी बसलेल्या बापूंकडं वळून म्हणाल्या, "तुम्ही बी जरा सरका की पावणं. त्यास्नी बसू द्या."

मी मोठ्यानं हसलो. म्हटलं, म्हातारी नवऱ्याची काय झकास उडवते. बापू हसले नाहीत. ते निमूट सरकले.

तेवढ्यात त्यांची सून तेजस्वी चहा घेऊन आली आणि डोळ्यांनीच मला गप्प राहा म्हणाली. मग माझ्या लक्षात आलं आणि हसल्याची लाज वाटली. चिमणाबाईंना आत्याबाई, म्हणजे त्यांची सासू, आठवत होती, कधीच विकलेल्या म्हशीचं नाव आठवत होतं, पंचधाराची निळी लॉरी आठवत होती. शेजारी बसलेला हा वाकलेला म्हातारा मात्र त्यांच्या आठवणीत नव्हता. त्यांचा नवरा तरणा होता, लॉरीवर होता, आणि आता त्याची गावावरून जायची वेळ झाली होती.

बापूंनी चहा संपवला, माझ्या हातातला फुगा घेतला आणि माजघरात गेले. कर्ण्याला नवा फुगा बसवल्याचा आवाज आला. मग अंगात खाकी सदरा, डोक्याला टॉवेल असे ते मागच्या दारानं बाहेर पडताना मला दिसले.

थोड्या वेळानं रस्त्याकडून हॉर्न आला. दोन आखूड, एक लांब, शेवटाला मोडलेला.

चिमणाबाईंच्या हातातलं सूप खाली आलं. "आलं," म्हणाल्या आणि गुडघ्यांवर हात न टेकता उठल्या. चुलीपाशी डबा तयार होता, पण फडकं त्यांनी स्वतः बांधलं, गाठ ओढून बघितली, आणि पायवाटेनं निघाल्या. तेजस्वी मागोमाग गेली, मीही गेलो.

पंक्चरवाल्यापुढं एक तमिळनाडूची सोळा चाकी लॉरी उभी होती. तिच्या ड्रायव्हरच्या दाराला टेकून बापू उभे, एक हात दारावर, भोंगा पाठीमागं लपवलेला. केबिनमधून खरा ड्रायव्हर वाकून बघत होता. पंक्चरवाल्यानं त्याला आधीच सांगून ठेवलं असावं, कारण त्यानं काही विचारलं नाही.

"गाडी बदलली जणू?" चिमणाबाई लॉरीकडं बघत म्हणाल्या. "केवढी थोरली हाय."

"मालकांनी दिली," बापू म्हणाले.

"जपून चालवा. दही घातलंय, सांडू नगा."

"बरं."

"म्हस आटलीया. आत्याबाईंचं गुडघं लई धरल्यात."

"बघतो, येताना तेल आणतो."

त्या वेळी चिमणाबाई त्यांच्या तोंडाकडं ज्या डोळ्यांनी बघत होत्या, ते डोळे मघाशी सोप्यात त्यांना सरका म्हणणाऱ्या बाईचे नव्हते. मग डबा देऊन त्या मागं फिरल्या. घरी येऊन पाटावर बसल्या आणि पोटभर जेवल्या. नवऱ्याला डबा पोचल्याशिवाय त्या कधी जेवल्या नव्हत्या, आणि आता बाकी सगळं विसरलं तरी हा नेम सुटला नव्हता.

बापू मागच्या दारानं आत आले, सदरा बदलून सोप्यात बसले. चिमणाबाई आतून हात पुसत आल्या आणि बापूंना म्हणाल्या, "आमचं मालक आलतं आत्ता. गेलं पुण्याला."

"व्हय?" बापू म्हणाले. "बरं झालं."

मी जोतिबाला जायचं सोडून तिथंच रेंगाळलो. बापू मला गाडीपर्यंत सोडायला आले. वाटेत त्यांनी सगळं सांगितलं. दुपार झाली की चिमणाबाई कुठल्याही लॉरीचा हॉर्न ऐकून रस्त्याकडं धावायच्या. आताच्या हायवेवर हॉर्न काय थांबतात होय? एकदा त्या पार मधल्या दुभाजकावर जाऊन डबा उंच धरून उभ्या राहिल्या होत्या आणि दोन्हीकडून गाड्या सुटलेल्या. मुलगा विजयसिंह शिरोली एमआयडीसीत कामाला. तो म्हणाला, फाटकाला कुलूप घालू. कुलूप घातलं तर त्या जेवेनात. डबा मांडीवर घेऊन बसून राहायच्या.

"मग मला भोंगा सुचला," बापू म्हणाले. "आपला ठेका ऐकला की दुसऱ्या हॉर्नाला ती उठत न्हाय. कान तेवढं शाबूत हाईत."

"बापू, तुम्ही लई मोठं काम करताय," मी म्हणालो. मला खरंच भरून आलं होतं.

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काहीतरी वंगाळ बोललो होतो.

"तुमास्नी वाटत असंल, म्हातारा बायकूवर लई जीव लावतोय."

"मग नाही का?"

"आता लावतोय. तवा कुठं लावला?" त्यांनी हायवेकडं हात केला. "त्यो माळ संपला की उतार लागतोय, दिसतंय न्हवं? आमच्या दारावरनं खाली जातोय. उताराला गाडी न्यूट्रलला टाकायची, आक्सिलेटरवरनं पाय काढायचा. इंजानाचा आवाज पडतोय. हॉर्न द्यायचाच न्हाय. भरल्याली लॉरी घेऊन दारावरनं मांजरागत जायचो मी, अण्णा. तिला कळू नये म्हणून."

"का पण?"

"कटाळा." हा शब्द त्यांनी दोनदा म्हटला. "डबा देता देता ती बोलायची. म्हस, गुडघं, पोराचा ताप. दिसभरात तिला माझ्यासंगं बोलायला तेवढंच मिळायचं. आन् मला वाटायचं, काय ही कटकट. तिकडं कराडच्या म्होरं आमची टोळी जेवायला बसायची. मटण, हसणं-खिदळणं. तितं मी दही-भाकरीचा डबा सोडला की दात काढायची समदी. म्हणून जायचो तसाच."

"सारखं?"

"मोजलंय कुणी? सठीसामाशी न्हवं, एवढं सांगतो." त्यांनी वळून घराकडं बघितलं. "आन् ती हितं डबा बांधून कान लावून बसल्याली असणार. आता रोज भोंगा दाबतोय. वाटतंय, हिला दुसऱ्यांदा फसवतोय."

मी म्हणालो, "त्यांना आता त्यातलं काही आठवत नाही बापू. कशाला जिवाला लावून घेता?"

माणसं धीर द्यायला जे बोलतात ते बहुधा असंच असतं, न विचार करता बोललेलं. बापू चिडले. "तिला आठवत न्हाय म्हणून तर भ्या वाटतंय. एकदा तिला सांगायचं हाय, मी असं केलं, मला माफ कर. पर सांगू कुणाला? घरात सांगितलं तर पावणा कायतरी बरळतोय म्हणंल. रस्त्यावर तेवढी घटकाभर ती माझी बायकू असती. तितं सांगावं म्हणतोय, तर ती इतकी आनंदात असती की तोंड उघडत न्हाय. आन् अण्णा, उद्या हॉर्नबी वळखायची न्हाय ती. मग माफ करणारंच मानूस उरायचं न्हाय."

मी गाडीला किक मारली आणि जोतिबाच्या ऐवजी दुकानात परत आलो. त्या दिवशी एक हॉटेलवाला आला होता, त्याच्यावर विनाकारण ओरडलो.

त्यानंतर मी बऱ्याचदा टोपला जाऊ लागलो. कधी फुग्याची पट्टी बदलायला, कधी नुसताच. दर वेळी बापू म्हणायचे, "आज सांगतो." आणि दर वेळी "बघतो, तेल आणतो" म्हणून माघारी यायचे. एकदा मी चिडून म्हणालो, "एवढ्या लॉऱ्या घाट चढवल्या, आणि चार शब्द तोंडातून निघेनात?" ते म्हणाले, "घाटाला गिअर असतोय अण्णा."

मग तो दिवस आला. सुगी झालेली, सोप्यात शेंगांची रास पडलेली. चिमणाबाई शेंगा फोडत होत्या, त्यांच्या समोर बापू आणि मी. हॉर्नची वेळ अजून व्हायची होती. चिमणाबाईंनी शेंगा फोडता फोडता बापूंना विचारलं, "पावणं, तुमची बायकू हाय न्हवं?"

"हाय की," बापू म्हणाले.

"डबा देती?"

"देती."

"बरं हाय." त्यांनी टरफलं बाजूला सारली. "आमचं मालक कवाकवा हॉर्न न वाजवताच जात्यात."

बापूंचा हात शेंगांच्या राशीत तसाच राहिला.

"हितनं दिसतंय की समदं," त्या म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती, घरातली कुठलीही गोष्ट सांगावी तसं चाललं होतं. "निळी गाडी, वर ताडपत्री, पाच पट्टं. आवाज करत न्हाईत. उतारावरनं हळूच जात्यात. त्यास्नी वाटतं, हिला कळायचं न्हाय. इंजान ऐकू आलं न्हाय तरी डोळं फुटल्यात व्हय माझं? मी दारातच उभी असती की."

"मग डब्याचं काय करता?" न राहवून मी विचारलं.

"बांधल्याला डबा परत चुलीपाशी न्हेला तर आत्याबाई इचारत्यात. त्यास्नी वाईट वाटंल, लेक दारावरनं उपाशी गेला म्हणून. मग मी रस्त्याला जाती. मागनं जी लॉरी यील तिला हात करती. कुणाचं का हुईना लेकरूच की, त्यो खाऊन जातोय. आत्याबाईंला वाटतं, त्यांच्या लेकानंच खाल्लं." त्या जरा हसल्या. मग बापूंकडं झुकून हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही त्यास्नी कवा भेटलासा तर सांगू नगा हां. मला ठावं हाय म्हणून कळलं तर लाज वाटंल त्यास्नी. मानूस वाईट न्हाय."

इतकी वर्षं हा माणूस समजत होता की आपण लपूनछपून गेलो. आणि ही बाई दारात उभी राहून त्याला जाऊ देत होती, वर त्याच्या आईपासूनही झाकत होती. मला तिथं बसवेना. बापू उठले. खाकी सदरा घालायचं विसरले, टॉवेल विसरले, भोंगा तेवढा उचलला आणि मागच्या दारानं गेले. मी त्यांच्या मागं धावलो.

टपरीपुढं एक कंटेनर उभा होता. बापू त्याच्या दारापाशी उभे राहिले आणि हॉर्न दिला. दोन आखूड, एक लांब. चिमणाबाई पायवाटेनं आल्या, मागं तेजस्वी. रोजच्यासारखा चेहरा उजळला, रोजच्यासारखा डबा पुढं झाला. बापूंनी तो घेतला नाही. भोंगा त्यांनी पायापाशी ठेवला आणि दोन्ही हात जोडले.

"चिमणे, मी चुकलो," ते म्हणाले. "मी मुद्दाम हॉर्न न देता जायचो. तुझं बोलणं ऐकायला नगं म्हणून जायचो. तू डबा घेऊन उभी असायचीस आन् मी तिकडं हसत बसायचो. तुला ठावं हुतं, तरी तू कधी बोलली न्हाईस. मला माफ कर, बाई. तुझ्या पाया पडतो."

आणि ते खरोखर वाकले. तेजस्वी "मामा, नको" म्हणेपर्यंत त्यांचे हात चिमणाबाईंच्या पायांना लागले होते.

चिमणाबाई दोन पावलं मागं सरल्या. त्यांनी बापूंच्या चेहऱ्याकडं निरखून बघितलं, जोडलेल्या हातांकडं बघितलं. मग डबा छातीशी धरला.

"तुम्ही न्हवं," त्या म्हणाल्या.

"चिमणे, मीच की."

"न्हवं. आमचं मालक असलं काय बोलायचं न्हाईत. जन्मात बोलल्यालं न्हाईत."

बापूंनी घाईघाईनं खालचा भोंगा उचलला आणि तिच्यासमोरच दाबला. आवाज तोच होता, शेवटाला मोडलेलासुद्धा. चिमणाबाईंनी त्या पितळी कर्ण्याकडं बघितलं नाही. त्यांनी मान वळवून उताराकडं बघितलं. टँकर गेला, उसाचा ट्रॅक्टर गेला, मोटारी गेल्या. त्या डबा धरून उभ्या, बापू भोंगा धरून उभे. तेजस्वी पदरानं डोळे पुसत होती. मला वाटलं, आता या बाईला कसं घरी न्यायचं आणि कसं जेवायला घालायचं.

बऱ्याच वेळानं चिमणाबाईंनी सुस्कारा सोडला. "गेलं जणू आजबी तसंच," त्या आपल्याशीच म्हणाल्या.

मग त्यांचं लक्ष पुन्हा बापूंकडं गेलं. रस्त्यावर भेटलेल्या, रडणाऱ्या, परक्या म्हाताऱ्याकडं बघावं तसं त्यांनी बघितलं. फडक्याची गाठ सोडली आणि डबा त्यांच्या हातात दिला.

"घ्या. तुम्ही तरी खावा. उपाशी दिसतासा."

बापू सिमेंटच्या ठोकळ्यावर बसले. त्यांनी भाकरी मोडली, दह्याला लावली आणि ते खायला लागले. चिमणाबाई उन्हात त्यांच्या शेजारी उभ्या होत्या.

"सावकाश खावा," त्या म्हणाल्या. "डबा तेवढा मोकळा करून द्या. उद्या त्यास्नी लागंल."